ठराव क्रमांक तीन

मी रात्रपाळीला असतो, खालच्या टेबलापाशी.
आल्यागेल्याची नोंद, आणि किल्ली विसरलेल्यांना जादा किल्ली.
किल्ली विसरणं ही इथली चैन आहे.
दोन वर्षांपूर्वी यांच्यापैकी कुणाकडेच
विसरण्याजोगी किल्ली नव्हती.

डुलुथचा नोव्हेंबर. सरोवरावर जहाजाचा भोंगा,
आणि तळघरात, कपडे वाळवायच्या यंत्रांशेजारी,
दर मंगळवारी मुलांची सभा.
शहरातून ओडेसा थ्रॅशबाई येतात,
रंगीत पेनं, भिंतीएवढे कागद, आणि एक प्रश्न:
नेता म्हणजे कोण?
मुलांनी लिहिलं: धीट. खरं बोलणारा. उंच.
सात वर्षांच्या ओबीनं लिहिलं:
ज्याला अंधारात वायपर सापडतो.
सगळे हसले.
त्याची बहीण हसली नाही.
सात महिने ते निळ्या गाडीत राहिले होते,
ओबी मागे, ती पुढे, आई जागी.

जोनेल पेटवे, वय पंधरा, अध्यक्ष.
नऊ विरुद्ध चार मतांनी निवडून आलेली.
मांडीवर इतिवृत्ताची वही, पाठीवर दप्तर.
खुर्चीत बसतानाही ते उतरवत नाही,
त्यामुळे कायम काठावर बसल्यासारखी दिसते.

विषय एक: वाळवणीचं यंत्र नाणी गिळतं. पत्र लिहायचं. मंजूर.
विषय दोन: सायकलींचं कुलूप. पुढच्या सभेत.
विषय तीन: तिसऱ्या मजल्यावरच्या बोळातला दिवा.

पा चीया म्हणाली, रात्रभर चालू हवा.
तिला अनुमोदन मिळायच्या आत तेओफिल उठला:
निवाऱ्यात शंभर खाटा होत्या, दिवे कधी मालवलेच नाहीत,
दोन वर्षं मी डोळ्यांवर हात ठेवून झोपलो,
आता मला काळोख पाहिजे.
माझा, वेगळा.

सहा हात वर. मग दुसरे सहा.
उरलं अध्यक्षांचं मत.
थ्रॅशबाई हळूच म्हणाल्या, अशा वेळी ठाम राहायचं असतं.
जोनेलनं वही मिटली. सभा तहकूब, उद्या याच वेळी.

त्या रात्री कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला ती दिसली.
बोळात, फरशीवर, भिंतीला दप्तर टेकवून.
उठली, दिवा मालवला. लावला. पुन्हा मालवला.
मग एकेका दाराशी गुडघे टेकून
खालच्या फटीत बोटं घालत होती,
मोजत होती, लिहीत होती.
दहानंतर मुलांनी खोलीत असावं असा नियम आहे.
मी लिफ्टपर्यंत गेलो.
परत येऊन नोंदवहीत लिहिलं:
तिसरा मजला, शांत.

दुसऱ्या दिवशी ठराव आला.
दिवा चालू राहील.
ज्यांना काळोख हवा त्या सहा दारांना आतून
जुन्या जीन्सच्या पायांत तांदूळ भरून आडवी गुंडाळी.
"तांदूळ उंदीर खातील," मागून कुणीतरी.
मग तांदूळ खोडून वाळू.
अकरा विरुद्ध दोन.
तेओफिल म्हणाला, माझा विरोध लिहून ठेव,
फटीतून नाही आला तरी दिवा तिथे आहे हे मला ठाऊक असतं.
तिनं लिहिलं. पूर्ण नावानिशी,
त्याचं वाक्य जसंच्या तसं,
आणि वही फिरवून त्याला वाचायला दिली.

थ्रॅशबाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं,
पण कागदावर काही लिहिलं नाही.

रात्री साडेआठला बादली घेऊन आली दोघं,
ती आणि ओबी. वाळू हवी होती,
पायऱ्यांवरच्या बर्फासाठी ठेवलेली, माझ्या ताब्यातली.
"सही लागेल?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, लागेल.
तिनं केली, अध्यक्ष असं खाली लिहून.
ओबीनंही केली, आरशातल्यासारखी उलटी.

पहाटे पायऱ्यांवरून मीच घसरलो. कंबर अजून दुखते.
संचालकांनी विचारलं, पोत्यातली वाळू कुठे गेली?
म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर आहे.
झोपलीय.